रात्री अडीच वाजता

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटीतील संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्यांची माफी मागून मी दुसरंच बोलणार आहे.

२०२३च्या फेब्रुवारीत मी दीड महिना धड झोपले नव्हते. बाबा नुकतेच गेले होते, प्रोजेक्ट अडकला होता, लेकीची दहावी होती. अशी कारणं तुम्हा सगळ्यांकडेच असतील. पण माझ्या डोक्यात ‘आपण नसलो तर सगळ्यांचं सोपं होईल’ हे वाक्य येऊन बसलं आणि मला ते पटलं. गणितात कधी मार्क न सोडणाऱ्या मुलीला ते गणित चुकलंय असं वाटेना.

मदत शोधली नाही असं नाही. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी, थायरॉईड सगळं तपासलं. नॉर्मल. “टेन्शन घेऊ नका, फिरायला जा.” मग एका मानसोपचारतज्ज्ञांकडे फोन केला. नवीन पेशंटला तीन आठवड्यांनंतरची वेळ. रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, “अर्जंट आहे का?” मी म्हटलं, “नाही, तसं काही नाही.” आता आठवलं की स्वतःचाच राग येतो, पण तेव्हा कुणाला त्रास नको एवढंच डोक्यात होतं.

ऑफिसची हेल्पलाइन होती. तिथं आधी एम्प्लॉयी कोड मागितला. सगळं गुप्त राहतं हे ठाऊक असूनही मी फोन ठेवला. गंमत म्हणजे माझं पोटापाण्याचं काम तेच आहे, ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’. पलीकडचा माणूस शाबूत डोक्यानं बटणं दाबतोय हे आम्ही गृहीतच धरलेलं असतं.

एका रात्री अडीच वाजता मी आपल्या ग्रुपवर लिहायला घेतलं. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. वर कुणाच्या तरी लग्नाच्या पंचविशीचे फोटो होते. शेवटी सगळंच पुसून टाकलं.

आपली एक मैत्रीण सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. नाव घ्यायचं नाही अशी तिची ताकीद आहे. समोरच बसलीय, खाली मान घालून. त्या रात्री तिची रात्रपाळी होती. माझ्या नावापुढे ‘टाइप करत आहे’ असं तिला बराच वेळ दिसत राहिलं आणि मेसेज काही आला नाही. तिनं फोन लावला.

“काय लिहीत होतीस गं?”

“काही नाही.”

“जीव द्यायचे विचार येतायत का?”

असं सरळ विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल, अशी आपल्याला भीती वाटते. तसं होत नाही. दीड महिन्यात मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं आणि ढसाढसा रडले.

“नवरा कुठाय?”

“शेजारच्या खोलीत. झोपलाय. सकाळी त्याची मीटिंग आहे.”

“उठव त्याला.”

“अगं, पण...”

“मी फोन ठेवत नाही. उठव.”

त्याला उठवल्यावर तिनं त्याच्याकडून १४४१६ हा नंबर लिहून घेतला. ही ‘टेलि-मानस’ सेवा सरकारनं ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केलेली. दिवसरात्र चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मला तिचं नावही माहीत नव्हतं. पलीकडच्या बाईंनी माझ्याशी बोलून झाल्यावर नवऱ्यालाही बजावलं, हिला आज एकटं सोडू नका.

सकाळी आम्ही सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत गेलो. केसपेपर काढून दोन तास बाकावर बसलो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, “कुणाला दाखवायचंय?” मी म्हटलं, “मला.” ते म्हणाले, “मलाही.”

पुढचं काही सिनेमासारखं झालं नाही. पहिल्या गोळीनं मळमळायचं, ती बदलली. दुसरीचा गुण यायला महिना लागला. समुपदेशन वर्षभर चाललं. त्या खर्चाचा एक रुपयाही विम्यातून मिळाला नाही, कारण आमच्या पॉलिसीत ओपीडीच नव्हती. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा मिळाला पाहिजे असं २०१७चा कायदा सांगतो, तेव्हा आपापल्या पॉलिसीत ओपीडीचं काय लिहिलंय ते एकदा बघून ठेवा.

गोळी अजून चालू आहे. त्यामुळे रात्री अडीचला मी आता गाढ झोपेत असते. पण ग्रुपमधल्या कुणी त्या वेळी काही लिहून खोडलंच, तर सरळ फोन करा. रिंग मोठी करून ठेवलीय.