२१४७४८३६४७ : तुमच्या फोनमधला एक आकडा

आजचा एपिसोड एकाच आकड्याचा. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. म्हणजे २,१४,७४,८३,६४७.

माझी याच्याशी गाठ पडली ती पहिल्या नोकरीत. विक्रीची बेरीज करणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. दशांश चिन्हाचा घोळ नको, म्हणून सगळा हिशोब पैशांत ठेवला. महिनाअखेरीला रिपोर्ट उघडला, तर एकूण विक्री चक्क वजा! साहेब माझ्याकडे बघतायत, मी स्क्रीनकडे. रात्री उशिरा कळलं, की बेरीज २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांच्या पुढे गेली होती.

झालं काय होतं? मी ३२ बिटांचा पूर्णांक वापरला होता. म्हणजे ३२ खाने, प्रत्येकात ० किंवा १. त्यातला एक खाना अधिक-वजासाठी जातो. उरलेले ३१ खाने १ ने भरले, की आपला आकडा तयार : २ चा ३१ वा घात, त्यातून १ वजा. त्यात आणखी १ मिळवलात, की गाडी थेट वजा बाजूच्या टोकाला! २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल'चे व्ह्यूज याच हद्दीपलीकडे गेले, आणि मोजणी ६४ बिटांवर नेल्याचं यूट्यूबने सांगितलं.

पण खरी गंमत पुढे आहे. हा आकडा मूळ संख्या आहे. १ आणि तो स्वतः, बाकी कशानेच भाग जात नाही. हे लिओनार्ड ऑयलरने दाखवलं, त्याचं पत्र १७७२ मध्ये छापलं गेलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती!

सरळ तपासायचं तर ४६,३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघावं लागतं. त्या साडेचार हजारांहून जास्त आहेत. ऑयलरने आधी विचार केला : भाग गेलाच, तर भाजकाला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरणार. अशा संख्या फक्त ३७३, आणि त्यातल्याही मूळ नसलेल्या गाळायच्या. डोळ्यांचं काम त्याने डोक्यावर घेतलं.

बरं, असा प्रत्येक आकडा मूळ असतो का? नाही. २ चा २९ वा घात घ्या, १ वजा करा : त्याला २३३ ने भाग जातो. ६४ बिटांची हद्द, म्हणजे ६३ व्या घातातून १ वजा, तिला तर साध्या ७ ने भाग जातो.

१८११ मध्ये पीटर बार्लो या गणितज्ञाने लिहिलं, की या आकड्यातून मिळणारी परिपूर्ण संख्या बहुधा सर्वांत मोठीच राहील. कारण अशा संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत, त्यामुळे पुढची कोणी शोधणार नाही. पुढच्या सापडल्याच. आणि 'निरुपयोगी' आकडा यंत्रांच्या पोटात जाऊन बसला.

अनेक जुनी यंत्रं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद, भारतीय वेळ. तेव्हा त्यांचा काटा इथे पोचेल आणि पुढच्या सेकंदाला तारीख डिसेंबर १९०१ दाखवेल. तुमचा नवा फोन ६४ बिटांचा असेल, तर बहुधा निभावेल. पण कोड लिहिणाऱ्यांनो, कुठल्या खान्यात काय भरताय, ते आजच तपासा. साहेबांसमोर उभं राहायची वेळ फार वाईट असते!

भेटू पुढच्या भागात.