विद्यापीठ शाळेच्या दारी येते तेव्हा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत वर्षानुवर्षे विज्ञान शिकवले. त्यामुळे विषय निवडताना मला फारसे शोधावे लागले नाही. शिवाय शाळेच्या समितीपुढे यंदा एक विचार आहे, असे कळले. इंदूरहून शास्त्रज्ञ बोलावून नववी-दहावीच्या मुलांसाठी विज्ञानसत्र भरवावे, असा तो विचार आहे. तो उत्तम आहे. तो कसा पार पडावा, याविषयी चार शब्द बोलावेत म्हणून मी उभा आहे.

आपण देवासकर आणि तिकडे धारकर या बाबतीत भाग्यवान आहोत. इंदूरला देवी अहिल्या विद्यापीठ आहे, लेसर आणि त्वरक यांवर काम करणारे राजा रामण्णा केंद्र आहे, २००९ पासून आयआयटी आहे. ही सारी आपल्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर. पूर्वी विद्यार्थ्याला शास्त्रज्ञ पाहायचा तर वर्तमानपत्रातील छायाचित्रात पाहावा लागे.

अशी सत्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. बस येते, सभागृह भरते, पाहुणे द्रव नायट्रोजनात गुलाब बुडवतात आणि टेबलावर आपटतात. काचेसारखा त्याचा चुरा होतो. मुलांचे डोळे विस्फारतात, आणि ते विस्फारावेत हे मलाही हवेच आहे. मग अल्पोपाहार, प्रमाणपत्रे, फलकासमोर छायाचित्र. प्रश्न येतो तो सोमवारी. ‘गुलाब का फुटला?’ हे विचारायला मूल ज्या शिक्षकाकडे जाणार, त्याला सत्राला नेले होते ते मुलांना रांगेत बसवण्यासाठी. पाहुण्यांनी त्याच्याशी एक वाक्य बोललेले नसते.

विद्यापीठ आणि शाळा यांची गाठ याहून वेगळ्या रीतीने पडू शकते, हे आपल्याच राज्याने देशाला दाखवले होते. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरमात, ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी सोळा शासकीय शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ त्यात होते. पुढच्याच वर्षी दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकांचा गट आला, आणि विद्यापीठाने त्यांना हे काम करण्याची रीतसर मुभा दिली. १९७८ साली कार्यक्रम जिल्हाभर पसरला.

या प्राध्यापकांनी काय केले, ते नीट पाहण्याजोगे आहे. ते खेड्यातल्या शिक्षकांबरोबर प्रयोग करायला बसले. उन्हाळ्याच्या सुटीत तीन आठवड्यांचे शिबिर, आणि ते लागोपाठ तीन वर्षे, एकेका इयत्तेसाठी एकेक. शाळा सुरू झाल्यावर दरमहा शिक्षकांची बैठक, आणि अधूनमधून कोणीतरी थेट वर्गात येऊन मागच्या बाकावर बसणार. या वर्गभेटीला ‘अनुवर्तन’ म्हणत. शब्द सरकारी आहे, पण त्यामागचा भाव मला आवडतो. मागून चालत येणे.

फुलाचे भाग सुटे करायला सुईऐवजी बाभळीचा काटा वापरीत. तो फुकट मिळतो आणि हरवला तर कोणी रागावत नाही. ‘बाल वैज्ञानिक’ नावाचे पुस्तक होते. त्यात उत्तरे छापलेली नव्हती. मुलाने प्रयोग करायचा आणि जे दिसले ते वहीत लिहायचे. परीक्षेला पुस्तक आणि वही खुशाल सोबत न्यावी. पुस्तक उघडे असूनही ज्याचे उत्तर त्यात सापडणार नाही, असा प्रश्न काढावा लागे. शिक्षकमित्रहो, असा एखादा प्रश्न आज घरी गेल्यावर काढून पाहा. घाम फुटतो.

मोजमापाचा धडा घेऊ. एकच टेबल दहा जणांनी मोजले की दहा आकडे येतात. पहिली प्रतिक्रिया अशी की नऊ जण चुकले. खरा कोणाचा, यावर वाद सुरू होतो, आणि हळूहळू ध्यानात येते की प्रत्येक मोजणीत घट-वाढ असतेच आणि ती किती आहे हे सांगता येणे हीच अक्कल. पदव्युत्तर वर्गातही हे न उमगलेले विद्यार्थी मला भेटत आले आहेत.

१९८२ साली ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली, आणि तिच्यामार्फत कार्यक्रम माळव्यात आला. देवासला तिचे केंद्र उघडले, धारलाही उघडले. येथील मुले ‘सवालीराम’ या नावाने पत्रे लिहीत. असा कोणी गृहस्थ अस्तित्वात नव्हता, पण उत्तरे मात्र येत. पुढे पंधरा जिल्ह्यांतील सुमारे हजार शाळांपर्यंत हे काम गेले आणि २००२ साली राज्य शासनाने ते बंद केले. राज्यभर एकच पाठ्यपुस्तक हवे, हे मुख्य कारण सांगितले गेले. देशभरच्या शास्त्रज्ञांनी निषेध केला. उपयोग झाला नाही.

मी या निर्णयाच्या बाजूचा नाही. तरीही पालकांच्या मनातील एक शंका खोटी नव्हती, हे सांगितले पाहिजे. आठवीपर्यंत मूल काटा घेऊन फूल उकली, आणि नववीत त्याच्या हाती पाठ करण्याचे जाड पुस्तक व पुढे मंडळाची परीक्षा. या दोन किनाऱ्यांमध्ये पूल बांधला गेला नाही. आज विद्यापीठे ज्या वयाच्या मुलांसाठी सत्रे घेतात, ते वय नेमके त्या न बांधलेल्या पुलावरचे आहे. म्हणून समितीच्या विचाराला मी इतके महत्त्व देतो.

पुण्याचे उदाहरण मराठी श्रोत्यांना ठाऊक असेल. डॉ. जयंत नारळीकर यांनी उभारलेल्या ‘आयुका’त दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली. मुले स्वाक्षरी मागायला येत, तेव्हा ते म्हणत, ‘पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल.’ नारळीकर २०२५ साली गेले. त्यांच्या त्या युक्तीत आणि आपल्या सवालीरामात मला सख्खे नाते दिसते. भाषण संपल्यानंतर दोघांचेही काम सुरू होई.

आता प्रत्यक्ष सत्राकडे येतो. द्रव नायट्रोजन आणू नये, असे मी म्हणत नाही, आणा. पण त्याच्या जोडीला असे काही हवे, की जे पाहुणे गेल्यावर आपल्याजवळ उरेल. मी एक सुचवतो. त्यासाठी देवासची एक आणि धारची एक, अशा दोन शाळा लागतील.

दुपारी बारा वाजता सूर्य माथ्यावर येतो, असे आपण सर्रास म्हणतो. देवासला तो बारा वाजता मध्यान्हरेषेवर कधीच नसतो. आपली घड्याळे साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची वेळ दाखवतात. देवास शहात्तर अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे आपली मध्यान्ह सरासरीने सव्वीस मिनिटे उशिरा. ज्या उज्जैनीवरून प्राचीन ज्योतिषी आपली मूळ मध्यान्हरेषा धरीत, ती येथून चाळीस किलोमीटरच्या आत आहे. तिच्या पायथ्याशी राहून आपण हे मुलांना सांगत नाही, याची खंत वाटते. देवास आणि धार ही दोन्ही गावे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला. म्हणून वर्षातून दोनदा आपली सावली पायाखाली जाते: जूनच्या पूर्वार्धात आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात. पहिल्या वेळी शाळेला सुटी असते, दुसऱ्या वेळी आभाळ भरलेले. तेव्हा डिसेंबर घ्यावा.

२२ डिसेंबरला एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी केली, तर देवासला तिची मध्यान्हीची सावली १०५ सेंटिमीटर पडेल, काठीहून लांब. धारला ती १०३.७ सेंटिमीटर पडेल. फरक १.३ सेंटिमीटरचा. इंदूरमार्गे रस्त्याने ही गावे शंभर किलोमीटरच्या आसपास दूर असली, तरी उत्तर-दक्षिण अंतर केवळ चाळीस किलोमीटर आहे. सूर्याच्या उंचीत त्यामुळे अंशाचा सुमारे ३६ शतांश एवढा फरक पडतो. आता गंमत पाहा. ३६ शतांश म्हणजे ३६० अंशांचा बरोबर हजारावा भाग. म्हणजे चाळीस किलोमीटर हा पृथ्वीच्या घेराचा हजारावा भाग, आणि घेर चाळीस हजार किलोमीटर! इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीसने इजिप्तमध्ये हेच केले होते, आणि त्याचे साइन गावही आपल्यासारखेच कर्कवृत्तालगतचे होते.

फळ्यावर हे पाच मिनिटांत होते. अंगणात होत नाही, आणि म्हणूनच मला ते हवे आहे. सावलीची कड स्पष्ट नसते. सूर्याचे बिंब स्वतःच अर्ध्या अंशाचे. त्यामुळे एक मीटर काठीच्या सावलीचे टोक सुमारे दोन सेंटिमीटर धूसर दिसते. शोधायचा फरक १.३ सेंटिमीटर आणि धूसरपणा दोन! कोणी म्हणेल, काठी तीन मीटरची घ्या. घेऊन पाहू द्या. धूसरपणाही तिप्पट होतो. मग एखादी मुलगी टोकाला पुठ्ठा बांधून त्याला बारीक भोक पाडील आणि जमिनीवर उमटलेल्या बिंबाचा मध्य शोधील. नाही सुचले, तर तेवढ्यासाठी पाहुणे आहेत. त्यांनी तो क्षण येईपर्यंत मात्र गप्प बसावे. प्राध्यापकांना हे फार जड जाते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

तरीही मोजण्यात दोन मिलिमीटर इकडे-तिकडे होतीलच, आणि तेवढ्यानेच उत्तर सहा-सात हजार किलोमीटरने हलेल. मुलांचा घेर चौतीस हजार आला, तर ते चुकले का? येथे त्या टेबलाच्या धड्याची आठवण होते, आणि येथे विद्यापीठाची खरी गरज लागते. उत्तर आणि त्याची अनिश्चितता एकत्र कशी मांडावी, हे संशोधक रोज करतो. त्याने ते शिक्षकासह बसून, मुलांच्या कच्च्या आकड्यांवर करून दाखवावे. ते आकडे कोणी ‘सुधारू’ नयेत.

म्हणून समितीला माझ्या तीन विनंत्या आहेत. पाहुण्यांना एकदा न बोलावता तीनदा बोलवा: नोव्हेंबरात फक्त विज्ञानशिक्षकांबरोबर, डिसेंबरात मुलांबरोबर अंगणात, जानेवारीत आकडे घेऊन. शिक्षकांचा तो दिवस कामाचा दिवस धरा आणि त्यांचे जाण्यायेण्याचे भाडे शाळेने द्या. होशंगाबादचे काम टिकले ते दरमहाच्या बैठकांवर. आणि फलक व प्रमाणपत्रे यांचा खर्च वाचवून काठ्या, ओळंबे आणि पोस्टकार्डे आणा. एखाद्या दिवशी ढग आले तरी चिंता नाही, २२ डिसेंबरच्या आगेमागे तीन-चार दिवस सूर्याची उंची फारशी बदलत नाही. दोन्ही गावांनी दिवस मात्र एकच धरावा. साधारण बारा वाजून दहा मिनिटांपासून पाऊण वाजेपर्यंत दर दोन मिनिटांनी खूण करा, सर्वांत आखूड सावली आपोआप सापडेल.

एक शेवटचे. चाळीस किलोमीटरला दोन मिलिमीटर जड जातात. अंतर मोठे असेल तर जड जाणार नाहीत. त्याच दिवशी पुण्यात एक मीटर काठीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडेल, आपल्याहून पंधरा सेंटिमीटर आखूड. या सभागृहात बसलेल्या कित्येक घरांचा एखादा मामा किंवा एखादी आत्या पुण्यात आहे. त्यांच्या मुलांच्या शाळेला पोस्टकार्ड कोण लिहिणार, ते आज जाण्यापूर्वी ठरवून टाका.