मोटारसायकलस्वाराची हत्यारपेटी



उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गांवांत कोंबड्याच्या आधीं मोटारसायकल आरवते, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. मुंबईस जाणारी पहांटेची लोकल गांठावयाची, तर घरापासून स्टेशनापर्यंतचें अंतर कापण्यास पुष्कळांना हेंच वाहन सोयीचें वाटतें. बदलापूर हें नांव घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडलें, अशी एक उपपत्ति लोक सांगतात. ती खरी असो वा नसो, या नव्या घोड्यालाहि दाणापाण्याबरोबर नालबंदी लागते, आणि तिचा खर्च मध्यमवर्गीय संसारास वर्षांतून तीन-चार वेळां जाणवल्याशिवाय राहत नाहीं.

तेव्हां तेल बदलणें, चेन ताणणें, प्लग साफ करणें, एवढीं कामें आपण घरींच कां करूं नयेत, असा विचार अनेक गृहस्थांच्या मनांत येतो. विचार उत्तम आहे. परंतु त्याची अंमलबजावणी बहुधा चुकीच्या टोकापासून सुरू होते. गृहस्थ बाजारांत जातात, चाळीस नगांची एक चकचकीत पेटी स्वस्तांत मिळाली म्हणून आनंदानें घरीं आणतात, आणि मग त्यांतले तीस नग वर्षानुवर्षें पेटींतच निजून राहतात. जे दहा नित्य हातांत येतात, ते पोलाद हलकें असल्यामुळें लवकरच दगा देतात. त्याच पैशांत मोजकीं पण भरंवशाचीं हत्यारें कशीं निवडावीं, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेऊं. वाईट पान्याचें नुकसान पान्यावर भागत नाहीं. तें नटास भोगावें लागतें. नटाला सहा बाजू आणि सहा कोपरे असतात. उघड्या तोंडाचा फिक्स पाना त्यांतील समोरासमोरच्या दोनच बाजूंना धरतो. रिंग पाना सगळे कोपरे कवेंत घेतो. पान्याचें तोंड मापापेक्षां किंचित् मोठें असलें, किंवा जोर लावतांच तें फांकलें, तर सारा भार कोपऱ्यांच्या टोकांवर येतो. तीं टोकें झिजून नट गोल होतो, आणि मग चांगला पानाहि त्याला धरूं शकत नाहीं. इंजिनच्या तळाशीं तेल सोडण्याचा जो बोल्ट असतो, तो पोलादाचा. आणि ज्या कवचांत तो बसतो, तें बहुधा ॲल्युमिनियमचें, म्हणजे मऊ. तेथें आटे गेले, तर एका लहानशा बोल्टापायीं लेथवाल्याकडे फेरी घालावी लागते व कामाचा दिवस बुडतो. ज्याची पोटापाण्याची सोय मोटारसायकलवरून घरोघर सामान पोंचविण्यावर आहे, त्याला असा एक दिवस फार महाग पडतो. आणि तोच प्रकार मागच्या चाकाच्या आंसाच्या नटाबाबत झाला, तर प्रश्न पैशाचा राहत नाहीं, जिवाचा होतो.

यासाठीं पहिला नियम असा कीं, बाजारांत जाण्यापूर्वीं कागद-पेन्सिल घेऊन आपल्या गाडीजवळ बसावें. जीं कामें घरीं करावयाचीं, त्यांत कोणकोणते नट येतात, त्यांचीं मापें लिहून काढावीं. हें माप नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतराचें असतें, बोल्टाच्या जाडीचें नव्हे. सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला सामान्यतः १० चा पाना लागतो. हल्लींच्या बहुतेक भारतीय गाड्यांवर ८, १०, १२, १४ आणि १७ हीं मापें वारंवार भेटतात. आंसाच्या नटांना त्याहून मोठीं लागतात. जुन्या बुलेटवर इंग्रजी मापाचे नट असत, तेथें मिलिमीटरचा जवळपास बसणारा पाना लावणें म्हणजे नट गोल करण्यास आमंत्रण देणें होय.

यादी झाली कीं लक्षांत येतें, आपली गरज किती थोडी आहे! एका टोकाला रिंग व दुसऱ्या टोकाला फिक्स तोंड असलेले पांच-सहा पाने, आंसाच्या दोन्हीं बाजूंना बसणारे दोन मोठे पाने, प्लग पाना, ॲलन चाव्यांचा लहान संच, एक पकड, फुलीच्या तोंडाचा एक उत्तम पेचकस आणि टायरमधील हवा मोजण्याचें मापक, एवढ्यावर घरगुती काम निभतें. पेचकसाविषयीं थोडें अधिक सांगतों. जपानी घडणीच्या गाड्यांवर, आणि त्यांच्या वळणावर बनलेल्या आपल्याकडील अनेक गाड्यांवर, फुलीचे स्क्रू जपानी मानकाचे असतात. नेहमींचा फिलिप्स पेचकस त्यांत वरवर बसतो, परंतु जोर लावतांच उसळून बाहेर येतो आणि स्क्रूचें तोंड कुरतडतो. डोक्यावर बारीक ठिपका असलेला स्क्रू दिसला, तर जपानी मानकाचा पेचकस मागून घ्यावा.

आतां दुकानांतील परीक्षा. आपल्या गाडीच्या मापाचे एक-दोन नवे नट-बोल्ट खिशांत घालून न्यावे. पाना नटावर बसवून हलवून पाहावा. तो सुखानें बसावा, पण डुलूं नये. फिक्स पान्याच्या तोंडाचे दोन्हीं गाल एकमेकांस समांतर आहेत कीं नाहींत, तें उजेडासमोर धरून पाहावें. माप व बनविणाराचें नांव पोलादांत ठसठशीत उमटलेलें असावें, चिकटविलेल्या कागदावर नसावें. क्रोमचा मुलामा कडेला सुटत असेल, तर पाना परत ठेवावा. पकड मिटून उजेडाकडे धरली असतां तिच्या कापणाऱ्या धारांमधून फट दिसूं नये, आणि सांधा मोकळा फिरला तरी आडवा हलूं नये. वजन हें गुणाचें प्रमाण नव्हे. घाव घालून घडविलेला क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा सडपातळ पाना ओतीव जाडजूड पान्याहून अधिक टिकतो. फिक्स पान्यांसाठीं भारतीय मानक २०२८ व रिंग पान्यांसाठीं २०२९ आहे. वेष्टनावर त्याचा उल्लेख आहे का, हेंहि पाहावें.

ठशाविषयीं बोलतांना उल्हासनगरची आठवण होणें स्वाभाविक आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें, आणि बराकींत राहणाऱ्या त्या माणसांनीं रिकाम्या हातांनीं उद्योगनगरी उभी केली. वस्तूवरील ‘मेड इन यू. एस. ए.’ या अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावण्याचा विनोद सर्वांनीं ऐकलेला आहे. विनोदाचा भाग सोडला, तर त्यांतून गिऱ्हाइकानें घ्यावयाचा धडा असा कीं, परदेशाचें नांव म्हणजे पोलाद नव्हे. नाशिकला आणि जालंधरला चांगलीं हत्यारें तयार होतात व तीं सर्वत्र मिळतात. मात्र नामांकित छापाच्या नांवांत एखादें अक्षर इकडचें तिकडे केलेलें नाहीं ना, हें नीट वाचावें आणि पावती घेतल्यावांचून दुकान सोडूं नये. मुंबईस जाणें होत असेल, तर मस्जिद स्थानकावर उतरून नागदेवी रस्त्यावर एक फेरी मारावी. तेथें हत्यारांचीं दुकानें ओळीनें असल्यामुळें भाव आणि माल दोन्हीं ताडून पाहतां येतात. जुन्या बाजारांतला मजबूत पानाहि त्याज्य नाहीं. त्याचें तोंड फांकलेलें नसलें म्हणजे झालें.

काटकसर करावयाची ती योग्य जागीं करावी. तेल धरण्यास कापलेला डबा, चेन घासण्यास जुना दांतांचा ब्रश, सुटे नट ठेवण्यास जेवणाचें जुनें ताट, यांवर पैसे घालण्याचें कारण नाहीं. स्क्रू पाना, म्हणजे तोंड लहानमोठें होणारा पाना, अडीअडचणीस ठेवावा. नित्याच्या कामास तो नटांचा वैरीच आहे. पान्याच्या दांड्यावर नळी चढवून जोर वाढविण्याची युक्तिहि सोडून द्यावी. लहान मापाचा पाना आंखूड असतो, तो लहान बोल्टावर फाजील जोर पडूं नये म्हणून. नट किती आंवळला, हें दाखविणारा टॉर्क पाना महाग असतो आणि एका घरांत वर्षांतून चार वेळांच लागतो. तो पांच-सहा शेजाऱ्यांनीं मिळून घ्यावा. अंबरनाथ हें शस्त्रास्त्रांच्या कारखान्याचें व औद्योगिक वसाहतीचें गांव. ज्याच्या हातांत उमेदीचीं वर्षें व्हर्नियर होता, असा एखादा निवृत्त फिटर जवळपास असेलच. नवा पाना त्यांच्या हातीं देऊन, “काका, हा ठेवूं का परत करूं?” एवढें विचारावें. शंभर जाहिरातींहून तें उत्तर अधिक मोलाचें.

आपल्या भागाचा पाऊसहि हत्यारांचा शत्रु आहे. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली होती, हें पुष्कळांना आठवत असेल. पेटी तळमजल्याच्या जमिनीवर ठेवूं नये. काम संपलें कीं प्रत्येक नग पुसून, तेलाचा हात लावून, कापडी थैलींत गुंडाळावा.

आणि मर्यादाहि ओळखावी. ब्रेक उघडणें, पुढील फोर्क खोलणें, इंजिनच्या अंतरंगांत हात घालणें, हीं कामें अनुभवी मिस्त्रीकडेच सोंपवावीं. चाकाचें काम घरीं केलें, तर निघण्यापूर्वीं आंसाचा नट दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावा, आणि पहिला फेरफटका आपल्याच गल्लींत हळू मारावा.

सर्व खरेदी एकाच पगारांत करण्याचीहि गरज नाहीं. पहिल्या महिन्यांत १०, १२ व १४ चे पाने आणि प्लग पाना. दुसऱ्या महिन्यांत पेचकस व हवेचें मापक. तिसऱ्या महिन्यांत आंसाचे मोठे पाने. दिवाळीपर्यंत पेटी भरलेली असेल, आणि तिच्यांत बिनकामाचा एकहि नग नसेल.