तारण : पानशेतच्या एका रात्रीवरून



'तारण' हा शब्द शेतकरी मंडळींना मी समजावून सांगावा असे मुळीच नाही. सोसायटीचे कर्ज काढायचे तर जमीन तारण द्यावी लागते. अडीनडीला घरातली बोरमाळ तारण ठेवून बियाणे आणले, असे घर गावोगाव सापडेल. हाच शब्द आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या प्रार्थनेत येतो, तेव्हा त्याचा अर्थ होतो उद्धार, सुटका. मूळ क्रियापद 'तारणे', म्हणजे पाण्यातून पैलतीराला नेणे, बुडत्याला वाचवणे. 'देव तारी त्याला कोण मारी' असे आपण म्हणतो ते याच अर्थाने.

आता असे पाहा, एका शब्दाचे हे दोन अर्थ. एक गहाणाचा, दुसरा पाण्यातून वाचवण्याचा. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. पण आमच्या पुण्याच्या इतिहासात एक रात्र अशी येऊन गेली की त्या रात्री हे दोन्ही अर्थ एकत्र आले. त्या रात्रीवरून ख्रिस्ती धर्मातली तारणाची कल्पना थोडीफार उलगडते का, एवढेच आज पाहायचे आहे. मी धर्मोपदेशक नाही, कॉलेजातला मास्तर आहे. तेव्हा आपला धर्म कोणताही असो, निर्धास्तपणे ऐकावे.

ती रात्र ११ जुलै १९६१ ची. पुण्याच्या नैर्ऋत्येला आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. काम पुरते संपलेले नव्हते आणि पावसाने तर झोड उठवलेली. पाणी भराभर चढले. धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याचा जो मार्ग होता, त्याच्यावरची माती खचू लागली आणि तेवढ्या भागात बांधाचा माथा खाली बसू लागला. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की काय होते, हे ज्याने शेताचा बांध फुटताना पाहिला आहे त्याला सांगायला नको. आधी बोटभर धार, मग हातभर, आणि मग बांधच उरत नाही.

त्या खचणाऱ्या माथ्यावर लष्कराचे जवान उभे होते. पायाखालची माती बसते आहे, एका बाजूला अथांग पाणी, दुसऱ्या बाजूला खोल दरी, वरून पाऊस, आणि हातात वाळूची पोती. जेवढा बांध खाली जाई, तेवढी पोती ते वर रचत. रात्रभर हे चालले. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले ते फुटलेच. ते पाणी खडकवासल्याला येऊन धडकले, तेही जुने धरण फुटले आणि मुठेचा लोंढा पुण्यात शिरला. लकडी पूल पाण्याखाली गेला. नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले, माणसे गेली, हजारो कुटुंबे उघड्यावर आली.

मग त्या पोत्यांचा उपयोग काय झाला? उपयोग असा झाला की पाणी आले ते दिवसाउजेडी. तेच रात्री आले असते, तर पुणे अंथरुणातच बुडाले असते. जवानांनी धरण वाचवले नाही. त्यांनी काही तास मिळवून दिले. त्या काही तासांवर पुष्कळांचे प्राण वाचले.

आमची आजी तेव्हा नारायण पेठेत नव्याने नांदायला आलेली होती. तवा चुलीवर तसाच टाकून, कडेवर धाकट्या दिराला घेऊन ती पर्वतीच्या वाटेला लागली. पुढे ही हकिगत सांगताना ती नेहमी एका जागी थांबायची आणि म्हणायची, "अरे, आम्ही त्या रात्री गाढ झोपलो होतो. आमच्यासाठी कुणी तिथं पावसात उभं आहे, याचा आम्हाला पत्ता नव्हता. त्यांतल्या एकाचंही नाव मला आजवर ठाऊक नाही."

श्रोतेहो, आजीला ख्रिस्ती धर्मशास्त्राची ओळख नव्हती. पण ख्रिस्ती माणूस तारणाविषयी जे म्हणतो, त्याचा पहिला भाग तिच्या या बोलण्यात आहे. तो म्हणतो, आम्हाला संकटाची जाणीवही नव्हती, तेव्हाच आमच्यासाठी कुणीतरी उभा राहिला. आम्ही बोलावले म्हणून आला असे नाही, आमची लायकी पाहून आला असेही नाही.

दुसरा भाग आहे गहाणाचा. त्या रात्री जवानांनी शहर आणि पाणी यांच्यामध्ये काय ठेवले? वाळूची पोती तर ठेवलीच, पण पोत्यांबरोबर आपला जीव ठेवला. बांध त्या क्षणी गेला असता, तर ते तारण बुडाले असते. शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. येशूला क्रुसावर खिळल्यावर खाली उभे असलेले लोक त्याची टर उडवतात, की दुसऱ्यांना वाचवणारा हा, याला स्वतःला काही वाचवता येत नाही! त्यांच्या मनात होती थट्टा, पण बोलले ते खरे. पानशेतच्या बांधावरच्या जवानाला कुणी म्हणाले असते, "अरे, पळ की!" तर त्याला पळणे काही अवघड नव्हते. पाय धड होते, वाट मोकळी होती. पण तो पळाला तर पोते कोण टाकणार? दुसऱ्याला वाचवण्याच्या कामात असा एक क्षण येतो की त्या क्षणी स्वतःला वाचवणे म्हणजे काम सोडणे. क्रुसाचा अर्थ ख्रिस्ती लोक असाच लावतात. तो उतरू शकत नव्हता असे नव्हे, उतरला असता तर तारण राहिले नसते.

दृष्टांत कितीही चांगला असला तरी तो कुठे तोकडा पडतो हेही सांगितले पाहिजे. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, मुलांना ही गोष्ट सांगाल तेव्हा हा भाग वगळू नका. जवान हुकमाने आले होते. येशू आपखुशीने आला, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. जवानांनी ज्यांना वाचवले त्या पुणेकरांचा धरण खचण्यात काही अपराध नव्हता. ख्रिस्ती तारणात मात्र ज्यांनी बांध फोडला, त्यांच्याचसाठी एकाने जीव ठेवला. संत पौल आपल्या पत्रात म्हणतो त्याचा आशय असा, की भल्या माणसासाठी एखादा प्राण देईलही, पण इथे तो अपराध्यांसाठी दिला गेला. ही गोष्ट पचायला कठीण आहे, आणि ख्रिस्ती धर्माचे सारे वेगळेपण तिच्यात आहे.

आणखी एक. मिळालेले तास वापरावे लागतात. बातमी तोंडोतोंडी आली तेव्हा जो उठून चढणीला लागला, त्याला त्या रात्रीच्या कष्टांचा लाभ झाला. तारण फुकट मिळते, पण ते घ्यायला उठावे लागते, असे ख्रिस्ती माणूस म्हणतो.

हे केवळ बोलण्यापुरते राहिले नाही, याची साक्ष आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुली व विधवा शोधून आणल्या. त्यांच्यासाठी केडगावला जो आश्रय उभा राहिला, त्याचे नाव 'मुक्ती'. दूर पुण्यात बसून त्यांना धीराच्या चार गोष्टी लिहून पाठवता आल्या असत्या. रमाबाई स्वतः तिथे गेल्या.

आता शेवटचा मुद्दा, आणि तोच मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तारण ठेवायचे ते स्वतःच्या मालकीचे. शेजाऱ्याचा सातबारा नेऊन आपल्या कर्जाला तारण देता येत नाही. दिला तर ती फसवणूक. पण आपण हे रोज करतो की नाही? तुंबलेल्या गटारात, मैल्याच्या टाकीत, विषारी वायू असेल हे ठाऊक असून माणूस उतरवला जातो. अंगात संरक्षक पोशाख नाही, नाकावर साधन नाही. २०१३ च्या कायद्याने याला बंदी आहे, तरी माणसे गुदमरून मरतात. मग आपण हळहळतो, त्याला 'बलिदान' म्हणतो. श्रोतेहो, ते बलिदान नव्हे. तो आपल्या सोयीसाठी दुसऱ्याचा जीव गहाण टाकणे आहे. स्वतः उतरणे निराळे आणि दुसऱ्याला उतरवणे निराळे. क्रुसाचा दृष्टांत सांगून हा भेद जो पुसेल, त्याला तो दृष्टांत कळलाच नाही असे मी म्हणेन.

तेव्हा धोक्याचे काम करणारा माणूस दिसला, मग तो विजेच्या खांबावर चढलेला वायरमन असो की विहिरीत सुरुंग लावणारा असो, तर आपण दोन गोष्टी कराव्यात. त्याचे नाव विचारावे. आणि त्याच्या कमरेला दोर आहे का, डोक्यावर टोप आहे का, हे पाहावे; नसेल तर काम थांबवावे. आजीला त्या जवानांचे नाव विचारायची संधी मिळाली नाही. तिची ती हळहळ अखेरपर्यंत राहिली. आपल्याला ती संधी रोज मिळते.