बंदुकीकडून मतपेटीकडे : बोडोलँडचे हाग्रामा मोहिलारी
(मंडळाच्या सभेतील भाषण)



आजचा विषय दूरच्या आसामचा आहे. पण बोडो भाषा आपल्यासारखीच देवनागरीत लिहिली जाते, आणि बहुसंख्याकांची भाषा वेगळी असलेल्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणे म्हणजे काय, हे बोडो समाज जाणतो. म्हणून हाग्रामा मोहिलारी यांची वाटचाल आपण समजून घेतली पाहिजे.

मोहिलारी हे बोडो लिबरेशन टायगर्स या सशस्त्र संघटनेचे प्रमुख होते. मागणी होती वेगळ्या बोडोलँड राज्याची. १० फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र व आसाम सरकारशी करार झाला आणि ६ डिसेंबरला कोक्राझार येथे २,६४१ जणांनी शस्त्रे खाली ठेवली. राज्य मिळाले नाही. सहाव्या अनुसूचीखाली बोडोलँड प्रादेशिक परिषद मिळाली. ९२ व्या घटनादुरुस्तीने बोडो भाषा आठव्या अनुसूचीत आली. मोहिलारी परिषदेचे प्रमुख झाले आणि २०२० पर्यंत त्या पदावर राहिले.

पण एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. परिषदेच्या क्षेत्रात कोच-राजबंशी, संथाळ, बंगाली मुस्लिम असे अनेक अबोडो समाजही राहतात. बोडोंना न्याय मिळाला, मग आमचे काय, हा त्यांचा सवाल. २०१२ च्या हिंसाचारात लाखो माणसे छावण्यांत गेली. २०१४ मध्ये कोक्राझारमधून लोकसभेवर अबोडोंचे अपक्ष उमेदवार नबकुमार सरनिया निवडून आले. सत्ताधाऱ्यांना मिळालेला तो स्पष्ट इशारा होता.

२०२० च्या परिषद निवडणुकीत मोहिलारींच्या पक्षाला ४० पैकी १७ जागा मिळाल्या. पक्ष सर्वांत मोठा ठरला, तरी इतरांनी एकत्र येऊन सत्ता घेतली. एकेकाळी हजारो बंदूकधारी हाताशी असलेला हा नेता रानात परतला नाही, विरोधी बाकांवर बसला. २०२५ मध्ये २८ जागा जिंकून तो पुन्हा प्रमुख झाला. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाची गोष्ट ही आहे. शस्त्रे एका दिवसात खाली ठेवता येतात. सत्ता गेल्यावरही ती पुन्हा न उचलणे, ही खरी कसोटी.

आपणही भाषेचा हक्क मागतो, आणि तो सनदशीर मार्गानेच मागत राहू. मात्र ज्या वॉर्डात, ज्या संस्थेत आपलीच संख्या जास्त आहे, तिथे शेजारच्या लहान समाजाला आपण कसे वागवतो, हेही पाहिले पाहिजे. आपल्या मागणीचे वजन त्यावरच ठरेल.