शेवटच्या नळापर्यंत

(शहापूर तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेल्या अभियंता प्रमुख पाहुण्यांनी केलेले भाषण)



पडद्यामागे तारपा नाचाचा गट तयार होऊन उभा आहे, त्यामुळे प्रस्तावना न करता मुद्द्यावर येते.

माझी सगळी नोकरी मुंबई महानगरपालिकेच्या जलअभियंता खात्यात झाली. त्या खात्यात तुमच्या तालुक्याचं नाव निघाल्याशिवाय एकही दिवस जात नाही. तानसा तुमच्या तालुक्यात, भातसा तुमच्या तालुक्यात, वैतरणा तुमच्या शिवेवर. मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं. सातही काठोकाठ भरले की साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर साठा होतो आणि त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातशात असतो. त्यातून शहराला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी दिलं जातं. कुलाब्यातल्या एखाद्या घरात सकाळी चहाचं आधण ठेवतात, तेव्हा त्या पातेल्यातलं पाणी बहुधा तुमच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचं असतं. मुंबईतल्या मुलांना हे माहीत नसतं. तुम्हाला माहीत असायला हवं.

१८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने मुंबईत आलं. तोवर ते शहर विहिरी आणि तळ्यांवर जगत होतं. १८७९ मध्ये तुळशीची भर पडली, तरी पुरेना. मग इंजिनिअर मंडळी पाणी शोधत इथवर आली आणि १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झालं. तुमच्यापैकी बरेच जण तिथे सहलीला गेला असाल. पुन्हा जाल तेव्हा त्या भिंतीकडे नीट बघा. दगड आणि चुन्याचं बांधकाम, लांबी जवळपास पावणेतीन किलोमीटर. हे दगड वाहणारे, चुना मळणारे, चिरे घडवणारे हात कोणाचे होते, त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. त्यांचं काम मात्र १३० वर्षांनंतरही रोज पाणी अडवून उभं आहे.

स्वातंत्र्यानंतर, १९५७ मध्ये वैतरणेवरचं मोडकसागर धरण झालं. ज्यांचं नाव त्याला दिलं ते न. वि. मोडक हे मुंबईचे शहर अभियंता होते. १९४८ मध्ये अल्बर्ट मेयर यांच्याबरोबर त्यांनी बृहन्मुंबईचा विकास आराखडाही तयार केला होता. धरणाला इंजिनिअरचं नाव देण्याचा प्रसंग आपल्याकडे विरळाच. पालिकेत नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक अभियंत्याला मी हे नाव कुठून आलं ते सांगत असे.

पण धरण बांधलं म्हणजे पाणी पोचलं, असं होत नाही. तानशाचं आणि वैतरणेचं पाणी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत उतारानेच येतं. भातशाचं पाणी नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत सोडतात, तिथे पंपाने उचलतात आणि पांजरापूरला शुद्ध करतात. पुढे मोठे बोगदे, मग जलवाहिन्या, मग टेकड्यांवरच्या टाक्या. मलबार हिलवरच्या ज्या हँगिंग गार्डनमध्ये लोक फिरायला जातात, त्या बागेखाली पाण्याची टाकी आहे. तिथून पाणी निघतं ते गल्लीबोळातल्या नळ्यांमधून घराघरात जातं.

या सगळ्या प्रवासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटत आलेला माणूस म्हणजे चावीवाला. पहाटे तो रस्त्यावरचं लोखंडी झाकण उचलतो, आत लांब दांड्याची चावी सोडतो आणि व्हॉल्व्ह उघडू लागतो. जो नवखा असतो तो जोर लावून भराभर फिरवायला बघतो. जाणता चावीवाला आटे मोजत, थांबत थांबत फिरवतो. वाहतं पाणी एकदम अडवलं किंवा एकदम सोडलं, तर त्याचा धक्का नळीला बसतो आणि जुनी नळी फुटते. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात संवेगाचा धडा आहे ना, तोच हा संवेग. टन टन पाणी वेगात येत असतं, त्याला थांबायला वेळ द्यावा लागतो. चावीवाल्याने हा धडा शाळेत शिकलेला असो वा नसो, हाताला तो पक्का माहीत असतो. कुठल्या गल्लीला पाणी आधी जातं, कुठल्या चाळीत सर्वांत शेवटी चढतं, हेही त्याला नकाशाशिवाय सांगता येतं. मी इंजिनिअरिंगची पदवी घेऊन खात्यात आले, पण शहराची पाण्याची रचना मला समजली ती चावीवाल्यांबरोबर हिंडून.

दुसरं काम गळती शोधणाऱ्यांचं. ते रात्री चालतं, कारण दिवसा वाहनांच्या आवाजात काही ऐकू येत नाही. रस्ता निजला की माणूस एक लोखंडी दांडा जलवाहिनीवर टेकवतो आणि दुसरं टोक कानाला लावतो. नळीला कुठे भोक असेल तर जमिनीखालून बारीक सूं सूं ऐकू येतं. चार पावलं पुढे, पुन्हा दांडा, पुन्हा कान. आवाज वाढतो, मग कमी होतो. जिथे सर्वांत मोठा तिथे खडूने खूण. सकाळी खोदकाम करणारी टोळी त्याच खुणेवर कुदळ मारते. आता यंत्रं आली आहेत, आली पाहिजेतच, पण यंत्राचा आवाज ओळखायलाही तयार कान लागतो.

गळतीचा अर्थ नुसतं पाणी वाया जाणं एवढाच घेऊ नका. त्याहून मोठा धोका आहे. नळाला पाणी येत असतं तोवर नळीच्या आत दाब असतो, त्यामुळे भोकातून पाणी बाहेर फेकलं जातं. पाण्याची वेळ संपली, नळी रिकामी होऊ लागली, की आतला दाब जातो आणि त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. बाहेर गटार असेल तर गटाराचं. म्हणून दोन तास पाणी मिळणाऱ्या वस्तीत पहिल्या दोन बादल्या गढूळ येतात, आणि म्हणून पावसाळ्यात जुलाब आणि काविळीची साथ येते. पाणी चोवीस तास हवं असं आम्ही म्हणतो ते सोयीसाठी कमी आणि आरोग्यासाठी जास्त. हे फक्त मोठ्या शहरालाच जमतं असं समजू नका. कराडजवळच्या मलकापूरने, तिथल्या छोट्या नगरपंचायतीने, प्रत्येक घराला मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे.

आता तुमच्या गावाबद्दल. बोलायला अवघड आहे, पण इथे येऊन ते टाळणं मला पटणार नाही. मार्च उजाडला की याच तालुक्यातल्या कितीतरी गावांना आणि पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. धरणाच्या पाण्याचा चकाकता पत्रा दारातून दिसतो आणि आई मात्र डोक्यावर दोन हंडे घेऊन डोंगर उतरते. इथे बसलेल्या किती मुली त्या हंड्यांमुळे शाळेला उशिरा येतात, हे तुमच्या वर्गातल्या बाईंना ठाऊक आहे.

याचं एक कारण जमिनीत आहे. काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही, म्हणून पाऊस धो धो पडूनही विहिरी उन्हाळ्यात आटतात. दुसरं कारण उंचीचं. पाडे वर, धरण खाली. पाणी मुंबईकडे उतरतं ते आपोआप. पाड्याकडे चढवायचं तर पंप हवा, पंपाला वीज हवी, विजेचं बिल भरायला पैसे हवेत आणि पंप बिघडला तर दुरुस्त करायला माणूस हवा. योजना बांधायला निधी मिळतो, उद्घाटन होतं, आणि दोन उन्हाळ्यांनंतर बिल थकल्यामुळे पंप बंद पडतो. मी अशा बंद पडलेल्या टाक्या खूप पाहिल्या आहेत. योजना चालवण्याचा खर्च आणि माणूस यांची तरतूद पहिल्या दिवशीच केली नाही, तर तिला योजना म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. वर घाटमाथ्याजवळच्या इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून उताराने शहापूरला पाणी आणण्याची योजना मंजूर झाली, ती मला म्हणूनच योग्य वाटते. पंपाचं ओझं कमी, म्हणजे टिकण्याची शक्यता जास्त.

आमच्या पेशात काम कसं झालं हे धरणाच्या उंचीवरून ठरत नाही. सर्वांत शेवटच्या नळाला पाणी आलं का, यावरून ठरतं. मुंबईत हा शेवटचा नळ डोंगरउतारावरच्या झोपडपट्टीत असतो. पण ही व्यवस्था जिथून सुरू होते तिथल्या पाड्यावरचा कोरडा नळही याच व्यवस्थेतला आहे. ज्या शहराने इथलं पाणी नेलं, त्या शहरावर हे देणं आहे. पालिकेत असताना मी हे बोलत होते, आज निवृत्तीनंतरही बोलते.

मुलांनो, मोठं झाल्यावर काय व्हायचं असं विचारलं की डॉक्टर, पोलीस, कलेक्टर अशी उत्तरं येतात. ती चांगलीच आहेत. पण दहावीनंतर सिव्हिलचा डिप्लोमा करता येतो, आयटीआयमध्ये प्लंबरचं, पंपाचं काम शिकता येतं. मुलींनीही यावं, मी आले तेव्हा खात्यात बाया फार कमी होत्या, तरी काम अडलं नाही. उद्या भावलीचं पाणी येईल तेव्हा व्हॉल्व्ह उघडायला, गळती शोधायला, पंप चालवायला इथलीच माणसं असली पाहिजेत. बाहेरून आलेला ठेकेदार मुदत संपली की निघून जातो.

मुख्याध्यापक सर, तुम्हाला एक विनंती. ग्रामपंचायतीकडून गावाच्या नळपाणी योजनेचा नकाशा मागून घ्या आणि तो नववीच्या वर्गात भिंतीवर लावा. गावचे जलसुरक्षक पाण्यात क्लोरीनची टीसीएल पावडर टाकतात आणि क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट करतात, ती टेस्ट मुलांना त्यांच्यासमोर करायला द्या. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, ओटीच्या औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर पाणी पिण्याआधी उकळायचं आणि जलसुरक्षकांना लगेच कळवायचं. हे काम सातवीची मुलगी करू शकते. दर सोमवारी गावाच्या शेवटच्या नळाचं पाणी तपासून निकाल शाळेच्या फलकावर लिहा. ही सुरुवात या महिन्यातच करा, मी नळ्या आणि औषधाची बाटली सोबत आणली आहे.