रुग्णवाहिकेची निवड



१७ मार्च १९९६ रोजी न्यूयॉर्क शहराची रुग्णवाहिका सेवा अग्निशमन दलात विलीन झाली आणि आग विझविणाऱ्या दलावर रुग्णांसाठी गाड्या निवडण्याचीही जबाबदारी आली. अमेरिकेत रुग्णवाहिकांचे मुख्य प्रकार तीन : ट्रकच्या सांगाड्यावर बसविलेला स्वतंत्र कक्ष, बंद व्हॅन आणि व्हॅनच्या केबिनमागे जोडलेला कक्ष. व्हॅन अरुंद रस्त्यावर सहज वळते, परंतु आत जागा कमी. स्वतंत्र कक्षाची गाडी महाग. मात्र सांगाडा झिजल्यावर तोच कक्ष नव्या सांगाड्यावर चढविता येतो. म्हणून केवळ खरेदीची किंमत पाहणे पुरेसे नाही. धावत्या गाडीत पट्टा बांधलेल्या सेवकाचा हात रुग्णापर्यंत पोहोचतो का, हे प्रथम पाहावे. दुसऱ्याचे प्राण वाचविण्यास जो निघाला, त्याचेही प्राण सुरक्षित राहिले पाहिजेत.